बिनधुरांड्याची शेगडी

१९ डिसेंबर, गुरुवार

लाद्या बसल्या! पांढऱ्या, चकचकीत. आणि पायाला बर्फ! ललितला बोलले नाही. महिनाभर दुकान आटोपून पोरगा रोज संध्याकाळी खाली यायचा, ओल दिसू नये म्हणून भिंतींना प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकायचा. वर पांढरं छतसुद्धा टांगलंय. आधी या तळघरात दोऱ्याचे खोके आणि मोडक्या मोटारी होत्या. आता कुणी म्हणेल हॉटेलची खोली.

खाली पाच पायऱ्या, वर एकोणीस. त्या एकोणीस लोखंडी आणि उभ्या, शिडीच म्हणायची. माझ्या गुडघ्यांनी दिवाळीतच हात टेकले. म्हणून वर ललित, सूनबाई योगिता आणि नात चैताली. मधल्या मजल्यावर ललितचं एम्ब्रॉयडरी मशीनच्या दुरुस्तीचं दुकान. आणि खाली मी, माझी पुस्तकं, यांचा फोटो.

एक मात्र आहे. सुरतेच्या या नवागाममध्ये एवढी शांत खोली दुसरी नसेल. लूमची खटखटसुद्धा इथे पोचेपर्यंत थकते.

दोन मोजे घालून लिहिते आहे.

२२ डिसेंबर, रविवार

पकडले गेले. योगिता चहा घेऊन उतरली आणि माझे पाय बघितले — दोन मोजे, वरून ललितची जुनी टोपी एका पायाला!

“मम्मी, टोपी पायात?”

“डोकं गरमच आहे माझं,” म्हटलं.

हसली, पण वर जाऊन सांगितलंच. ललित लगेच खाली. हात लावून बघितला माझ्या पायांना, लहानपणी मी त्याचा ताप बघायची तसा. म्हणाला, “माय, आत्ताच्या आत्ता वर चल.” मी म्हटलं, वर तीन माणसं दीड खोलीत आहेत, चैतालीची बारावी आहे, मी काय माळ्यावर झोपू? सुरतेची थंडी ती काय, दीड महिना! तो म्हणाला, दीड महिना तर दीड महिना, हीटर आणतो. मी म्हटलं विजेचा नको, लाइटच्या वायरी आधीच तापतात. “मग गॅसचा,” म्हणाला. फोनवर दाखवलासुद्धा. भिंतीला टांगायचा. तीन जाळ्या, लालबुंद होतात. “आणि याला धुरांडंच लागत नाही, माय!”

धुरांडं नाही अशी शेगडी मी पहिल्यांदाच ऐकली. आमच्याकडे शेगडी अंगणात पेटवून, धूर गेला की मग आत आणायचे.

२६ डिसेंबर, गुरुवार

शेगडी आली. दिल्लीहून. खोका केवढा, शेगडी केवढीशी!

सोबत पुस्तिका. ती मी अर्थातच आधी वाचली. छापलेलं दिसलं की मला राहवत नाही. सवयच अशी लागली — मी शाळेत गेले नाही, अक्षरं शिकले साड्यांच्या खोक्यांवरून. घरी बसून साड्यांचे सुटे दोरे कापायची मी, हजारो साड्या, आणि खोक्यावर जे छापलेलं ते बोटाने गिरवायची. म्हणजे आधी गुजराती शिकले, मग मराठी. हे म्हणायचे, “सोपं आहे, गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ मार, झालं मराठी!” तसं काही होत नाही. पण सुरुवात तशीच झाली.

पुस्तिकेत हिंदीतही एक पान आहे. लिहिलंय — बंद कमरे में न चलाएँ, ताज़ी हवा का रास्ता खुला रखें. ललितला वाचून दाखवलं.

“माय, ते सगळ्यावर लिहितात. मिक्सरवरपण लिहिलंय, लहान मुलांना देऊ नका.”

“मग दिलास का तू मिक्सर कुणाला?”

“तुला वकील करायला पाहिजे होतं,” म्हणाला.

२८ डिसेंबर, शनिवार

बसली!

गॅसवाला प्रवीण सकाळी आला. सगळ्यांना काका-काकी म्हणतो, मला मात्र ‘बा’, म्हणजे गुजरातीत आई. त्याने एक गोष्ट ठामपणे सांगितली — गॅसचा बाटला, म्हणजे सिलिंडर, तळघरात ठेवायचा नाही, हा गॅस जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून बाटला बाहेर, पायऱ्यांच्या वर पिंजऱ्यात, आणि तांब्याची नळी भिंतीतून आत. साबणाचा फेस लावून सगळे जोड तपासले. माझा त्याच्यावर विश्वास बसला.

मग भोकाचा वाद. माझ्या खोलीला छतालगत एक भोक आहे, पूर्वी तिथे हवा बाहेर टाकणारा पंखा होता. त्यातून रस्ता दिसतो, म्हणजे लोकांचे पाय दिसतात. मी चपलांवरून माणसं ओळखते. पण डासही तिथूनच येतात आणि थंडीही. ललितने पट्टी ठोकून ते बंद केलं. प्रवीण म्हणाला, राहू द्या ना थोडं. ललित म्हणाला, मग ऊब राहील का? प्रवीणने शेगडीकडे बोट दाखवलं. मग समजावून म्हणाला, आत एक बारकी ज्योत कायम पेटलेली असते, खोलीतली हवा कमी झाली की ती विझते आणि गॅस आपोआप बंद.

मी एकदम म्हटलं — “अरे, म्हणजे हा तर माझ्या बापाचा दिवा!”

कुणाला कळलं नाही. इथे लिहून ठेवते.

माझा बाप पारोळ्याकडे उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढायचा. जुन्या विहिरीत उतरायच्या आधी टोपलीत दिवा ठेवून दोरीने खाली सोडायचा. दिवा जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर गाव ओरडलं तरी उतरणार नाही. म्हणायचा, “दिवा इझना, ते माणूस इझना.” ती दोरी धरायला मी असायची. आठ-नऊ वर्षांची. कितीदा दिवा विझताना बघितलाय मी, काळोखात एकदम बुडाल्यासारखा. बापाच्या हाताखालचा एकही माणूस कधी गेला नाही.

हे मी लग्न झाल्यापासून यांना सांगत आले. हे पलसाण्याला मिलमध्ये होते, कापड रंगवायच्या खात्यात. कधीकधी मिलच्या घाण पाण्याच्या टाकीत उतरवायचे यांना, गाळ काढायला. मी डबा भरताना बजावायची, आधी दिवा सोडा. हे हसायचे. “मिलमध्ये दिवा कुठून आणू? टाकीची आरती करू का?”

नऊ वर्षांपूर्वी असेच उतरले आणि वर आले नाहीत. मुकादम मला म्हणाला, “सीधा उतर गया, किसी को पूछा नहीं.”

सीधा उतर गया! एवढं सांगून!

मिलने पिशवी परत दिली. शर्ट, चपला, डबा. डब्याला झाकणसुद्धा नव्हतं. तो डबा अजून माझ्या उशाशी आहे, त्यात मी पेनं ठेवते. पण यांच्या फोटोपुढे दिवा मी लावत नाही. योगिता लावते. मी नाही. ज्याने माझा दिवा ऐकला नाही त्याच्यापुढे कशाला लावू? तिला वाटतं मला वाकता येत नाही म्हणून.

संध्याकाळी शेगडी पेटवल्यावर मी खाली लादीवर, पलंगाच्या पायाशी, तेलाचा दिवा लावला. खालीच लावायचा, वाईट हवा तळाला बसते. ललित म्हणाला, “माय, एवढा हीटर आणला आणि तू पणतीनं शेकतेस?” मी म्हटलं, तुझी ज्योत तुला, माझी मला.

२९ डिसेंबर, रविवार

पाय ऊबदार. आणखी काय लिहू!

२ जानेवारी, गुरुवार

शेजारच्या धुरपदाबाईंना माझ्या खोलीचा शोध लागला! गल्लीत शेगडीची बातमी पसरली आणि ह्या दुपारी चारला विणकामाची पिशवी घेऊन हजर. सत्तरीच्या आहेत, अजून काटक. वाचता येत नाही, आणि त्याचं काही वाटतही नाही. “तुला येतं ना, मग बास. गावात एक विहीर पुरते.”

मी पेपर वाचते, त्या ऐकतात. निधनाच्या बातम्या आधी. मग खून. मग राशिभविष्य. आज म्हणाल्या, “भागीबाई, तुझ्या खोलीत बसलं की माहेरी आल्यासारखं वाटतं. फक्त भाऊ नाही भांडायला.”

चैतालीही पुस्तकं घेऊन येते म्हणत होती. मी म्हटलं परीक्षेचा अभ्यास वरच कर, इथे आम्ही खून वाचतो.

ललित झोपायच्या आधी उतरतो, शेगडी बंद करतो, पाय चाचपतो. रोज. आज म्हणाला, “बापाला नाही देता आलं हे.” एवढंच. 

६ जानेवारी, सोमवार

डोकं दुखतं आहे. कपाळावर कुणी फडकं आवळून बांधल्यासारखं. चष्म्याचा नंबर वाढला असणार. दिवाळीपासून वाचन फार झालंय.

दिवा मस्त जळतो आहे.

९ जानेवारी, गुरुवार

पुन्हा डोकं. जेवण नको झालंय. एक पान दोनदा वाचलं तरी डोक्यात शिरेना. म्हातारपण म्हणतात ते हेच का? आलं असेल तर सांगून यायचं होतं.

११ जानेवारी, शनिवार

आज धुरपदाबाई पेपर अर्ध्यावर सोडून उठल्या. म्हणाल्या, मळमळतंय. पायऱ्या चढून बाहेर गेल्या आणि गटारात ओकल्या. परत आल्या नाहीत, रस्त्यावरूनच ओरडल्या — “तुझ्या वाचण्यानं माझं डोकं उठलं गं! एवढे खून नको वाचत जाऊस!”

गल्ली हसली. मीही हसले. मग बसून विचार केला.

माझं डोकं दुखतं, नंबर वाढला म्हणून. ठीक. धुरपदाबाईंचं का दुखावं? त्यांना चष्माच नाही!

मग शेगडीकडे नीट बघितलं. डावीकडच्या जाळीच्या कोपऱ्यात ज्योत पिवळी आहे, बाकी लाल. वर भिंतीच्या पांढऱ्या पट्टीवर काळसर हात फिरवल्यासारखा डाग. पुसला, पुन्हा आला.

मग दिव्याकडे बघितलं. स्थिर. सरळ. बापाने बघितला असता तर डोळे मिटून उतरला असता.

हवा वाईट असती तर दिव्याने सांगितलं असतं. तेव्हा शेगडी नाही. दुसरं काहीतरी असेल. दोघींनी कालचे वाल खाल्ले होते, तेही आहे.

ललितला सांगावं का? सांगितलं तर तो शेगडी काढणार, मला वर नेणार, चैतालीची झोपायची जागा जाणार. आणि त्याचं तोंड! ‘बापाला नाही देता आलं’ म्हणाला होता. त्या तोंडाला मी कसं सांगू, तुझ्या ऊबेने मला मळमळतं?

नाही सांगत. दिवा जळतो आहे ना.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण! ललित आणि शेजारचा राकेश, दोघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून गच्चीवर नेलं. आधी पाच, मग एकोणीस पायऱ्या आणि वर अकरा. राकेश मध्येच म्हणाला, “काकी, काय खाता हो, पुस्तकं?” ललित म्हणाला, “हस नको, मी हसलो तर सोडेन.” मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते आणि खाली योगिता ओरडत होती, पाय सांभाळा!

आभाळभर पतंग. कानात नुसतं ‘काप्यो छे!’ उंधियु, जिलेबी. मी दोन वाट्या उंधियु खाल्लं! आठ दिवसांनी खरी भूक लागली. चैतालीने माझ्या हातात दोरा दिला, म्हणाली, आजी, ताण बघ. ताण लागला आणि मला बापाची दोरी आठवली. ती खाली ओढायची, ही वर ओढते.

हे पतंगात कच्चे होते. दरवर्षी पहिलाच कापला जायचा आणि म्हणायचे, “दोरा खराब होता.” दोरा नेहमीच खराब असायचा!

१५ जानेवारी, बुधवार

आजही गच्चीवर. वाशी उत्तरायण, म्हणजे शिळी संक्रांत, सुरतेत काम कुणीच करत नाही. डोकं दोन दिवस अजिबात दुखलं नाही. सगळा पेपर चष्म्याने वाचला, तरी नाही.

हे लक्षात ठेवायला हवं. उद्या ललितशी बोलते. नक्की.

१६ जानेवारी, गुरुवार

ललित सचिन गावाला गेला होता मशीन बघायला, दुपार उलटल्यावर आला, दमलेला, तसाच दुकानात बसला. बोलले नाही. उद्या.

थंडी आहे. शेगडी दुपारपासून चालू. अक्षरं रेघेवरून खाली घसरताहेत. आत्ता हे लिहिलं की आधी लिहिलं होतं?

दिवा जळतोय. नीट. म्हणजे हवा ठीक. मग पाय का उचलत नाहीत

१९ जानेवारी, रविवार

वर आहे. चैतालीच्या जागेवर. काल दवाखान्यातून आणलं. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गुरुवारी काय झालं ते मला इतरांकडून कळलं. दिवेलागणीच्या वेळी धुरपदाबाई आल्या, रुसवा सोडून, पेपर ऐकायला. दार ढकललं तर मी पलंगापाशी, लादीवर. म्हणाल्या, “भागीबाई, सोंग पुरे!” मग जवळ येऊन बघितलं आणि किंकाळी फोडली. पण नुसती ओरडून थांबली नाही बाई! मला गोधडीवर लोटलं आणि गोधडी धरून पायऱ्यांपर्यंत ओढत नेलं. सत्तरीची बाई! तोवर दुकानातून ललित धावत आला आणि त्याने उचललं.

आज त्या भेटायला आल्या तेव्हा मी त्यांचे पाय धरायला गेले. “हो बाजूला,” म्हणाल्या. “तू गेली असतीस तर मला खून कुणी वाचून दाखवले असते?” आणि रडल्या. आम्ही दोघी रडलो. योगिताने दोघींना चहा दिला, तीही रडत होती.

डॉक्टर गुजराती, तरुण. म्हणाले, शेगडीतला गॅस नीट जळत नव्हता. अर्धवट जळाला की विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. ललितच्या दुकानातला दोऱ्याचा बुरा पायऱ्यांवरून उतरून शेगडीच्या जाळ्यांत बसला होता. प्रवीणने उघडून बघितली, आत गादीच झाली होती. आणि त्या वायूला बाहेर जायला वाट नाही.

मी तिथेच तोंडावरची ऑक्सिजनची नळी बाजूला करून विचारलं — पण डॉक्टर, दिवा तर जळत होता. खाली, लादीवर. विझला नाही.

ते हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाले, “बा, आ गॅसमां दीवो ना ओलवाय.” या गॅसने दिवा विझत नाही. जुन्या विहिरीतली हवा वेगळी, तिथे जळायलाच काही उरत नाही, म्हणून विझतो. हा गॅस दिव्याला काही करत नाही. माणसालाच करतो. असे आणखीही गॅस असतात, म्हणाले. गटारात, टाक्यांमध्ये.

मी नळी पुन्हा तोंडाला लावली.

२१ जानेवारी, मंगळवार

ललित जेवत नाही. काल शेगडी भिंतीवरून उतरवली आणि दुकानाबाहेर पालथी टाकली. माझ्याजवळ येऊन बसतो आणि नुसता पाय चाचपतो. “मी भोक बंद केलं, माय. प्रवीण सांगत होता.”

मी म्हटलं, मी पुस्तिका वाचली होती. दोघांना कळत होतं. तू मला ऊब दिलीस आणि मी तुला डोकेदुखी सांगितली नाही. बरोबरी झाली. आता भाकरी खा.

अर्धी खाल्ली.

पण माझी भाकरी कुठे उतरते! डॉक्टर बोलल्यापासून माझ्या डोक्यात एकच आहे. टाक्यांमध्ये.

नऊ वर्षं मी एकाच गोष्टीवरून या माणसावर रागावले. ऐकलं नाही. सीधा उतर गया. दिवा सोडला असता तर विझला असता, विझला असता तर उतरले नसते, उतरले नसते तर आज ललित आणि राकेशच्या ऐवजी हेच खुर्चीचा एक पाय धरून कुरकुरत असते.

आणि आता कळतं की दिवा सोडला असता तरी कदाचित विझला नसता.

मग दोनच गोष्टी. एक — त्यांनी सोडलाच नाही. मग ते हट्टी आणि माझा राग खरा, पण दिव्याने काही फरक पडला नसता. दुसरी — त्यांनी सोडला. माझं ऐकलं. आणि जळता दिवा बघून, माझ्या शब्दावर, खाली उतरले.

यातली कोणती खरी निघावी असं मला वाटतं, तेच मला सांगता येत नाही.

तिथे वर दोरी धरून कोण होतं ते मला माहीत आहे. दगा. यांचा दोस्त, आमच्याच गावाकडचा. तेराव्याला आला होता, ताटावरून उठून गेला, तो परत आला नाही. मी समजले, त्याला भीती वाटत असेल मिलची.

२३ जानेवारी, गुरुवार

योगिताकडून दगाभाऊचा नंबर काढवला. नवागाममध्येच राहतो, चार गल्ल्या पलीकडे! नऊ वर्षं चार गल्ल्या. फोनवर मी एवढंच म्हटलं, “भाऊ, दिव्याचं विचारायचं होतं.”

 मग म्हणाला, “रविवारी येतो, वहिनी.”

मी अजून काय दिवा, कुठला दिवा, सांगितलंही नव्हतं.

२५ जानेवारी, शनिवार

खाली परत आले! ललित तयारच नव्हता. मी म्हटलं, खोलीने काही केलं नाही. शेवटी त्याने पट्टी उखडून ते भोक चांगलं हातभर रुंद फोडलं आणि जाळीची खिडकी बसवली, दारालाही खाली फटी पाडल्या. शेगडी नाही. रबराची गरम पाण्याची पिशवी आणि धुरपदाबाईंनी विणलेले मोजे, एक लाल, एक हिरवा, लोकर संपली म्हणून.

पुन्हा लोकांचे पाय दिसतात. वारा येतो. गार आहे, पण बरं वाटतं.

२६ जानेवारी, रविवार

दगाभाऊ सकाळी आला. खिडकीतून आधी त्याच्या चपला दिसल्या, बराच वेळ तिथेच उभ्या. म्हातारा झालाय. बसला, पाणीसुद्धा प्यायला नाही, आणि पिशवीतून डब्याचं झाकण काढलं. यांच्या डब्याचं. मधोमध काळं, कडेला तीन भोकं, तार ओवायला.

म्हणाला, झाकणात मशीनचं तेल घातलं, चिंधीची वात केली आणि दोरीने खाली सोडलं. “जयत व्हता, वहिनी. चांगला जयत व्हता. मीच दोरी धरेल व्हती.” जळत होता! बाकीचे हसत होते तेव्हा हे म्हणाले होते, “घरनी तंबी शे. दिवा बगर उतरनू ते जेवाले भेटाव नई.”

आणि मग उतरले.

मी विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलंस? म्हणाला, “तुमनं नाव घेतलं होतं त्यानं. तुमले कसं सांगू?”

तो गेल्यावर झाकण डब्यावर ठेवून बघितलं. बरोबर बसतं. घासलं नाही. त्यातच तेल घातलं, वात केली आणि फोटोपुढे मी लावला. मी. खिडकी उघडी होती. वाऱ्याने दोनदा विझला. दोनदा परत लावला.